नव्या वापरकर्ता खात्यांच्या सदोष लॉगिन शेलबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय: आपल्या तयार उबुंटू इमेजमधील चुकीच्या लॉगिन शेलमुळे (लॉगिननंतर कमांड स्वीकारणाऱ्या प्रोग्राममुळे) विद्यार्थ्यांची खाती न चालल्याबाबत.

महोदय / महोदया,

आमच्या महाविद्यालयाच्या संगणकशास्त्र विभागाने लिनक्सच्या प्रात्यक्षिकांसाठी आपल्याकडून सर्व्हर भाड्याने घेतला असून त्यावर आपणच पुरवलेली उबुंटू इमेज (उबुंटू या लिनक्स प्रणालीची आधीच तयार केलेली प्रत) आहे. विद्यार्थ्यांसाठी यूजरॲड कमांडने उघडलेल्या एकाही खात्यात एसएसएचने (दुसऱ्या संगणकावरून सर्व्हरमध्ये शिरण्याच्या पद्धतीने) लॉगिन होत नव्हते. पासवर्ड अचूक टाकला तरी ‘परमिशन डिनाइड, प्लीज ट्राय अगेन’ एवढेच उत्तर येई, रूटचे, म्हणजे मुख्य प्रशासकाचे, खाते मात्र सुरळीत चालत होते.

आपल्या सपोर्टने दर वेळी पासवर्ड बदलून पाहण्यास सांगितले आणि शेवटी ‘वापरकर्ते चुकीचा पासवर्ड टाकत आहेत’ असा शेरा मारून तिकीट (आमच्या तक्रारीची नोंद) बंद केले. हा शेरा आम्हाला मान्य नाही. सर्व्हरच्या ऑथ लॉगमध्ये (लॉगिनच्या नोंदी ठेवणाऱ्या फायलीत) स्वच्छ नोंद होती की ‘/बिन/झेडएसएच’ हा शेल अस्तित्वात नसल्यामुळे या वापरकर्त्याला प्रवेश नाही. अशा वेळी ओपनएसएसएच (सर्व्हरवर एसएसएच चालवणारे सॉफ्टवेअर) लॉगिन करणाऱ्याला खरे कारण कळू देत नाही. पासवर्ड विचारते आणि नाकारते. त्यामुळे लॉग उघडून पाहिल्याशिवाय निदान होऊच शकत नाही, आणि रोज हेच काम करणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांनी तो पाहिला नाही, याचे आम्हाला दुःख आहे.

दोष इमेजमध्येच आहे. ‘/इटीसी/डिफॉल्ट/यूजरॲड’ या फायलीत नव्या खात्यांचा शेल म्हणून झेडएसएच नोंदवलेला आहे, परंतु ते पॅकेज इमेजमध्ये इन्स्टॉलच केलेले नाही. ‘/इटीसी/पासवड’ फायलीत प्रत्येक विद्यार्थ्याच्या ओळीतील सातव्या, म्हणजे शेवटच्या, रकान्यात तोच नसलेला शेल दिसतो आणि रूटच्या ओळीत बॅश हा इन्स्टॉल असलेला शेल दिसतो; रूटचे खाते का चालत होते, याचे उत्तर तेवढ्यात मिळते.

तिकीट पुन्हा उघडल्यावर ‘/इटीसी/डिफॉल्ट/यूजरॲड’ फायलीत ‘/बिन/एसएच’ लिहा, असे आम्हाला सांगण्यात आले. हा उपायही अपुरा होता, कारण ती फाइल फक्त खाते उघडताना वाचली जाते आणि आधीच्या खात्यांचा शेल यूजरमॉड कमांडने स्वतंत्रपणे बदलावा लागतो. शिवाय उबुंटूमध्ये 2006 सालच्या 6.10 आवृत्तीपासून ‘/बिन/एसएच’ म्हणजे डॅश हा साधा शेल. स्क्रिप्ट वेगाने चालवण्यासाठी तो उत्तम आहे, परंतु कमांड नुकत्याच शिकू लागलेल्या विद्यार्थ्याने वरच्या बाणाची कळ दाबली की मागची कमांड येण्याऐवजी पडद्यावर भलतीच चिन्हे उमटतात आणि टॅबने फाइलचे नावही पूर्ण होत नाही. अखेरीस सर्व खात्यांना बॅश आम्हीच लावून दिला. तोवर वर्गाची प्रात्यक्षिके खोळंबली होती.

आपण ही इमेज तातडीने दुरुस्त करावी, ती वापरणाऱ्या इतर ग्राहकांना लेखी कळवावे आणि आमच्या तिकिटावरील चुकीचा शेरा काढून टाकावा. या तिकिटापोटी आकारलेले सपोर्ट शुल्कही परत मिळावे, कारण बिघाड आपल्या इमेजमध्ये होता आणि तो शोधला आम्ही. ऑथ लॉगमधील नोंदी व वरील दोन्ही फायलींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. आपल्या लेखी उत्तराची प्रतीक्षा आहे.

आपला विश्वासू,
प्रयोगशाळा प्रमुख, संगणकशास्त्र विभाग