अप, ऑफ आणि आउटच्या जागा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या इंग्रजी अहवालाचा मसुदा वाचला. मजकूर चोख आहे. अडखळायला होते ते क्रियापदामागून येणाऱ्या अप, ऑफ, आउट या शब्दांपाशी. संस्कृतच्या तासाला पाठ केलेला ‘प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्’ हा चरण तुला आठवत असेल. उपसर्ग धातूचा अर्थ बळेच दुसरीकडे ओढून नेतो, असे तो श्लोक सांगतो. इंग्रजीत हेच काम मागून येणारा शब्द करतो, म्हणून ‘गिव्ह’ म्हणजे देणे असले तरी ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे आणि ‘गिव्ह इन’ म्हणजे नमते घेणे. परकीयांना हा प्रकार फार जड जातो, हे सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवले आहे.

तू ‘कोप अप विथ’ लिहिले आहेस. तिथे ‘अप’चे काही काम नाही, ‘कीप अप विथ’च्या संगतीने तो शिरला असावा. ‘कॉलेजातून पास आउट झालो’ हे आपल्याकडे सर्रास चालते, आणि खडकवासल्याच्या लष्करी प्रबोधिनीतील छात्रांविषयी ते ब्रिटिश इंग्रजीतही बरोबरच आहे. पण तुझा अहवाल लंडनला जाणार असल्याने तिथला वाचक क्षणभर तू बेशुद्ध पडलास असे समजेल. ‘ग्रॅज्युएटेड’ लिही.

खरी मेख सर्वनामाच्या जागेत आहे. ‘टर्न ऑफ द पंप’ आणि ‘टर्न द पंप ऑफ’ दोन्ही चालतात, परंतु पंपाऐवजी ‘इट’ आले की ते मधेच बसले पाहिजे: ‘टर्न इट ऑफ’. उलट ‘लुक आफ्टर’ची जोडी फुटत नाही, तिथे ‘लुक आफ्टर इट’ असेच लिहावे लागते. कोणती जोडी फुटते हे अर्थावरून ओळखता येत नाही, म्हणून विद्यार्थ्यांसाठीच्या चांगल्या कोशात त्या नोंदीत ‘समथिंग’ हा शब्द मधे छापला आहे की शेवटी, ते पाहत जा. ‘लुक फॉरवर्ड टू’नंतर मात्र ‘मीट’ नव्हे, ‘मीटिंग’. आणि ‘सेट अप’ क्रियापद असताना तोडून लिहायचे, नाम असताना जोडून.

एक तक्रार उरते. चुकण्याच्या भीतीने तू या जोड्या टाळून जागोजागी ‘एक्झिक्यूट’, ‘टर्मिनेट’ असे भारदस्त शब्द पेरले आहेस, त्यामुळे चौथे पान सरकारी अधिसूचनेसारखे झाले आहे. पंपाच्या तपासणीला ‘कॅरी आउट’च शोभते, औपचारिक लेखनातही ते मुळीच हलके नाही.

सुधारलेली प्रत मंगळवारपर्यंत पाठव. परिशिष्ट अजून वाचायचे आहे.

तुझा,
श्रीधर