रिमोटमध्ये सेल घाला

नागपूर
मे महिन्यातला पहिला रविवार

ती. आई आणि ती. बाबा,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर एसी लावायचा विषय काढला की आई म्हणते, "बरं बरं, लावतो," आणि बाबा विचारतात, "तू जेवलीस का?" तिथं बोलणं संपतं. म्हणून पत्र लिहितेय. बाबा, तुमच्या हातात लिहिलेला कागद आला की तुम्ही तो दोनदा वाचल्याशिवाय खाली ठेवत नाही, हे मला माहीत आहे.

आई, जिन्यात काय झालं ते मला शेजारच्या काकूंकडून कळलं, तेही आठ दिवसांनी. मिरच्या खालीवर करायला तू भर दुपारी गच्चीवर गेलीस, उतरताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि कठडा धरून पायरीवर बसलीस. काकूंनी मानेवर, तोंडावर पाणी मारलं म्हणून सावरलीस. आणि त्याच संध्याकाळी फोनवर मला सांगत होतीस, यंदा चटणीला ब्याडगी किती घेतली, संकेश्वरी किती घेतली आणि कुटायला डंकावर कधी जायचं. जिन्याचा एक शब्द नाही. मी आठशे-हजार किलोमीटर लांब आहे, कळवून काय उपयोग, असं तुला वाटलं असेल. पण न कळवल्यामुळं ते आठ दिवस मी निर्धास्त राहिले, याचंच मला आता जास्त वाईट वाटतं.

दिवाळीत आले होते तेव्हाचं एक मी बोलले नव्हते. वरच्या खोलीतल्या एसीवर तू क्रोशाचं विणलेलं पांढरं झाकण घातलंयस, कडेला निळी वेलबुट्टी. त्याला इस्त्रीसुद्धा केलेली होती. रिमोट कपाटात, साड्यांच्या मधे, कंपनीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्यातले दोन्ही सेल काढून ठेवलेले, गळून रिमोट खराब होऊ नये म्हणून. मी हातात घेतला तर तो नवाकोरा! दोन उन्हाळे गेले तरी त्याची बटणं कुणी फारशी दाबली नव्हती. पाहुणे आले की लावू, नातवंडं आली की लावू. ज्यांच्यासाठी घेतला ते दोघं पंख्याखाली ओला टॉवेल घेऊन झोपतात.

बाबा, आता तुम्हाला एक विचारते. तुमच्या छापखान्यात ऑफसेटच्या खोलीत मालकांनी एसी बसवला तेव्हा मी सहावीत होते. शाळा सुटली की डबा न्यायला यायचे आणि तुम्ही आतून ओरडायचात, "दार लोट आधी!" पावसाळ्यात आर्टपेपरला लाट येते, कागद फुगतो, मग चार रंग एकावर एक बसत नाहीत, रजिस्टर हलतं, हे तुम्हीच मला एका लग्नपत्रिकेवर दाखवलं होतं. गणपतीच्या सोंडेला लाल रंगाची दुहेरी कड आली होती. शंभरातली चाळीस पत्रं तुम्ही बाजूला काढली होतीत. परवा वाचताना मला कळलं की एसीचा जन्मच मुळी असल्या दुखण्यातून झाला. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, रंग जुळायचे नाहीत. विलिस कॅरिअर नावाच्या पंचवीस वर्षांच्या इंजिनिअरनं हवेतला ओलावा काढून घेणारं यंत्र त्या छापखान्यासाठी आखलं. माणसांच्या खोल्यांत ते नंतर आलं. वाचल्यावर पहिली आठवण तुमचीच झाली. कागदासाठी तुम्ही आयुष्यभर ते दार लोटून घेतलंत. मग आईसाठी आणि स्वतःसाठी का नाही?

तुम्ही म्हणता, कोल्हापूरला कशाला एसी, आपलं गाव गार. गावाबद्दल मी वाद घालत नाही. संध्याकाळी रंकाळ्यावर वारा असतो, पहाटे अंगावर घ्यावंसं वाटतं, सगळं खरं. पण तुम्ही झोपता ती खोली गावात नाही, स्लॅबखाली आहे. कौलं होती तोवर वरची गरम हवा फटींतून निघून जायची. स्लॅब टाकला तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले, मीही नाचले होते. पण तोच स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री नऊ-दहाला, बाहेर वारा सुटल्यावर, ती उष्णता खाली सोडत बसतो. रात्री खाटेवर उभं राहून छताला हात लावून बघा, तव्यासारखं लागेल. नको, खाटेवर चढू नका, भिंतीचा वरचा भाग चाचपून बघा. पंखा तीच हवा खाली ढकलतो. पंखा हवा गार करत नाही, तो अंगावरचा घाम वाळवतो आणि त्यानं आपल्याला गार वाटतं. वय झालं की घाम कमी येतो, तहानही नीट लागत नाही. हवा चाळीस अंशांच्या वर गेली तर पंख्यानं अंग उलट तापतं, म्हणून जागतिक आरोग्य संघटना तेव्हा पंखा वापरू नका असं सांगते. त्यांचं म्हणणं, खोली दिवसा ३२ च्या खाली आणि रात्री २४ च्या खाली असावी, आणि हे साठीच्या पुढच्या माणसांसाठी खास सांगितलंय. तुम्ही दोघंही त्यात येता.

त्यात बाबांची बीपीची गोळी लघवी जास्त करवणारी आहे. शरीरातलं पाणी आणि मीठ दोन्ही त्या वाटेनं जातं. गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, अर्धीही करायची नाही. पण उन्हाळ्यापुरता डोस बदलायचा का, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत किती चालेल, हे डॉक्टरांना या आठवड्यात विचाराच. आई, ह्याची आठवण तू ठेव, ते विसरल्यासारखं करतात.

आता एसी कसा लावायचा ते. २७ वर ठेवायचा आणि जोडीला पंखा दोनवर. मला वाटायचं १८ वर ठेवला की लवकर गार होतं. तसं नाही, मशीन तेवढ्याच जोरानं चालतं, फक्त थांबत नाही. २७ आणि पंखा मिळून अंगाला चार अंश कमी असल्यासारखं वाटतं. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं तर नियमच केलाय, १ जानेवारी २०२० पासूनचे स्टारवाले एसी सुरू केले की आपोआप २४ वर येतात, आणि तिथून पुढं प्रत्येक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते. दुपारी दोन ते साडेचार, आणि रात्री झोपताना दोन-अडीच तास टायमर लावून. त्या वेळात स्लॅबची धग उतरते, मग पहाटे खिडक्या उघडा, बाहेरचा गारवा फुकट आहे.

आई, तुझे गुडघे धरतात हे मी विसरलेले नाही. वाऱ्याची झोत थेट अंगावर येते म्हणून ते होतं. एसीच्या तोंडाशी ज्या आडव्या पट्ट्या आहेत त्या रिमोटवरच्या स्विंगच्या बटणानं वर छताकडं करायच्या आणि तिथंच थांबवायच्या. गार हवा जड असते, ती आपोआप खाली उतरते. पायांवर वाकळ घेऊन झोप. एसी लावून वाकळ घ्यायची म्हणजे काय, असं तू म्हणशील. घ्यायची. डोकं गार आणि गुडघे ऊबदार, तुला झोप लागल्याशी मतलब.

बिलाचं बोलते, कारण खरी अडचण तिथंच आहे. दीड टन म्हणजे मशीनचं वजन नव्हे, बाबा, मागं तुम्ही विचारलं होतंत. दीड टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी हे मशीन खोलीतून उचलून बाहेर टाकू शकतं. आपला इन्व्हर्टरवाला आहे, म्हणजे खोली गार झाली की आपला वेग कमी करतो. २७ वर तासाला एक युनिट धरा, बहुतेक त्याहून कमीच. रोज पाच तास धरले तर महिन्याला दीडशे युनिट. तुमचं आत्ताचं बिल नव्वद युनिटच्या आसपास असतं. शंभर युनिटच्या पुढचा टप्पा लागेल, दर चढेल, हे मी लपवत नाही. पण तीनशेच्या आत राहाल. आणि हे फक्त एप्रिल, मे आणि जूनचे पाऊस पडेपर्यंतचे दिवस. ते बिल मी इथून मोबाईलवर भरणार आहे, ग्राहक क्रमांक माझ्याकडं आहे. बाबा, तुम्ही माझ्या कॉलेजची फी भरलीत तेव्हा मी नको म्हटलं नव्हतं.

तुमची एक तक्रार मात्र शंभर टक्के बरोबर होती. ज्यांनी एसी बसवला त्यांनी तो जुन्याच बोर्डाला जोडून दिला. पिनेच्या टोकाशी तपकिरी डाग पडला होता, प्लग हाताला गरम लागत होता. ते बघून तुम्ही बंद केलात ते फार चांगलं केलंत. दिवाळीत वायरमननं मीटरपासून वेगळी चार एमएमची वायर ओढली, स्वतंत्र एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा खटका, बसवला, अर्थिंग तपासलं. तुम्ही शिडी धरून उभे होतात. तो धोका आता राहिलेला नाही. राहिलंय ते बाहेरच्या डब्याचं. तो बोळात, समोरच्या भिंतीपासून हातभर अंतरावर टांगलाय. स्वतः फेकलेली गरम हवा तो पुन्हा ओढतो, आणि उरलेली शेजारच्या काकूंच्या खिडकीत जाते. एसी उष्णता नाहीशी करत नाही, आतली बाहेर टाकतो, आणि वर स्वतःच्या मोटारीचीही घालतो. ज्या काकूंनी आईच्या मानेवर पाणी मारलं त्यांच्या घरात आपली धग सोडायची नाही. म्हणून तो डबा गच्चीवर, टाकीच्या सावलीला हलवून घेऊ. मेकॅनिक ठरवलाय, मी आल्यावरच येईल. तोवर फक्त दुपारी लावा, काकूंची ती खिडकी दुपारी बंदच असते. रात्रीचं मी आल्यावर सुरू करू.

भिंतीवरून पाणी ओघळतं तेही बिघाड नाही. हवेतला ओलावाच तो, कागद फुगवणारा. नळीला उतार नीट दिलेला नाही, एवढंच.

कूलर घेऊ म्हणत होतात. इथं नागपुरात आम्ही कूलरवरच काढतो. एप्रिल लागला की घरोघर वाळा बदलतात, आणि पंचेचाळीसच्या दुपारी त्या वाळ्यातून येणारा वारा मातीसारखा वास घेऊन येतो, मला तो फार आवडतो. पण इथली हवा कोरडी असते, पाणी झटकन उडतं, म्हणून गारवा मिळतो. आपल्याकडं वळीव झाला की हवा ओली होते, आणि ओल्या हवेत कूलर नुसता चिकचिकाट करतो. तुम्हाला नेमका त्याच दिवसांत त्रास होतो.

पुढचं थोडक्यात. पश्चिमेची खिडकी सकाळी दहालाच बंद करून पडदा ओढा. एसीची जाळी पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा, झाकण उचललं की ती हातात येते. ते क्रोशाचं झाकण पावसाळ्यात घाल, आई, आता काढ. आणि वाळवणं सकाळी नऊच्या आत घालायची, पाचनंतर गोळा करायची. मधे मिरची कुणी खालीवर केली नाही तरी वाळते.

आणि हे फ्रीजवर लावून ठेवा. दोघांपैकी कुणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग चटका बसण्याइतकं तापलं, ओकारी झाली किंवा शुद्ध हरपायला लागली, तर बरं वाटेल म्हणून वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा, गाडी येईपर्यंत मानेला, काखेत, जांघेत गार पाण्याचे कपडे ठेवायचे, पंखा मोठा करायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. मग मला फोन. रात्री दोन वाजले तरी.

शुक्रवारी महाराष्ट्र एक्स्प्रेसनं निघतेय, शनिवारी पोचेन. बाबा, वरच्या खोलीच्या दाराखाली फट आहे, तिथून सगळा गारवा जिन्यात जातो. तुमच्या छापखान्यातल्या स्टीलच्या पट्टीनं ती फट दोन्ही टोकांना आणि मधे मोजून ठेवा, तिन्ही मापं वेगळी येतील, दार बसलंय एका बाजूनं. मोजलं की मला फोनवर सांगा, रबराची पट्टी इथून कापून आणते. पेन्सिल सेल देवघराच्या खालच्या खणात आहेत, उदबत्तीच्या पुड्यामागं.

तुमची लेक