सुगीचे दिवस आणि सव्वातीन अध्याय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'एका वर्षात संपूर्ण बायबल' अशा वाचन-योजना हल्ली मोबाइलवर सहज मिळतात. प्रोटेस्टंट बायबलची 66 पुस्तके, त्यांतले 1,189 अध्याय, भागिले 365. रोजचा वाटा सव्वातीन अध्यायांचा. (कॅथलिक बायबलात 73 पुस्तके, म्हणजे वाटा थोडा मोठा.) शेतकरी कुटुंबात ही योजना बहुधा मध्येच बंद पडते आणि दोष भक्तीवर ढकलला जातो. खरी चूक भागाकारात आहे. त्यात सगळे दिवस सारखे धरले आहेत.

काढणीचे दहा दिवस गेले की बत्तीस-तेहतीस अध्याय थकतात. ॲप रोज त्याची आठवण करून देते. मग एका रात्री पंधरा अध्याय उरकले जातात, त्यातले काही लक्षात राहत नाही आणि वाचनच सुटते. त्यापेक्षा रोज चार अध्याय धरावेत. 298 दिवसांत वाचन पूर्ण होते आणि 67 दिवस हातात उरतात. ते पेरणी, काढणी, मळणीच्या आठवड्यांवर आधीच टाकून ठेवावेत. ॲपमधली तारखेची आठवण बंद करावी. राहिलेले दिवस पुढे सरकवण्याची सोय असेल तर ती वापरावी. नसेल तर छापील प्रतीची अनुक्रमणिका आणि पेन्सिल पुरते. वाटा मात्र डोळे झाकून मोजू नये: स्तोत्र 117 मध्ये दोनच वचने आहेत, 119 मध्ये 176. 119 च्या दिवशी तेवढे एकच स्तोत्र पुरे.

जानेवारीत सुरुवात करणारे बरेच जण फेब्रुवारीत लेवीय पुस्तकापाशी थांबतात. उत्पत्ती आणि निर्गम ही त्याआधीची दोन पुस्तके मिळून 90 अध्याय, म्हणजे चार आठवड्यांत कथा संपते आणि नियम सुरू होतात. शेतकऱ्याने तरी इथे कंटाळू नये. शेताच्या कडेचे पीक कापू नका, सरवा गरिबांसाठी राहू द्या (अध्याय 19, वचने 9-10; पुढे 19:9-10 असे), सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवा (25:4), हे सगळे इथलेच. 25:15-16 तर व्यवहाराचे कलम आहे: योबेल वर्षापर्यंत (दर पन्नासावे वर्ष, त्यात जमीन मूळ मालकाकडे परत जाते) जितकी पिके निघायची असतील, त्या हिशेबाने जमिनीची किंमत. म्हणजे विक्री जमिनीची नव्हे, पिकांची. खंडाने शेत देणाऱ्या-घेणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

ध्वनिमुद्रित बायबल साधारण 70 ते 90 तासांचे असते. रोज 12 ते 15 मिनिटांत वर्षभरात ऐकून होते. हाताने धारा काढताना, बियाणे निवडताना ते उत्तम. ट्रॅक्टरवर मात्र नको. केबिन नसेल तर आवाज 90 डेसिबलपर्यंत सहज जातो. त्यावर चढवून ऐकले तर कान बिघडतात, आणि बेअरिंगची बदललेली घरघर किंवा मागून आलेली हाक ऐकूच येत नाही. शिवाय सगळीच पुस्तके ऐकण्याजोगी नाहीत. रूथ, शमुवेल, मार्क कानांना चालतात. पौलाची पत्रे कागदावरच बरी. इफिसकरांस पत्रातली 1:3-14 ही बारा वचने मूळ ग्रीकमध्ये एकच वाक्य आहे. यशया 28:27 मध्ये जिरे मळणीच्या चाकाखाली घालत नाहीत, काठीने झोडतात, असे म्हटले आहे. अवजार पिकाप्रमाणे बदलते, तसे ऐकायचे की वाचायचे हे पुस्तकाप्रमाणे.

संध्याकाळच्या एकत्र वाचनाला एकच प्रत किंवा निदान एकच भाषांतर असावे. चौघांच्या मोबाइलवर चार भाषांतरे असली की आळीपाळीने वाचताना धागा तुटतो. मध्येच संदेश आला तर वाचन तिथेच संपले समजा.

एक अडचण उरते. मोकळ्या ठेवलेल्या 67 दिवसांत वाचनाला सुट्टी सरसकट घेता येत नाही, कारण निर्गम 34:21 नेमके उलट सांगते: नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातही सातव्या दिवशी विसावा घ्या. गुरांची धार चुकत नाही हे मान्य. पण त्या आठवड्यांतही विसाव्याच्या दिवशी एक स्तोत्र वाचायला दहा मिनिटे निघतात. अध्यायाच्या शेवटी थांबण्याची सवय इथेही फसवते. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली आहे, मूळ लिखाणातली नव्हे. उत्पत्तीचा पहिला अध्याय संपतो तो सहाव्या दिवशी; विसाव्याचा सातवा दिवस दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या तीन वचनांत आहे. तिथे आणखी तीन वचने वाचून मगच पुस्तक मिटावे.

आपला,
एक शेतकरी वाचक