बागेवरून मला परत नेणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

परवा पेढे घेऊन आयटीआयत गेले, तर तुमची बदली झालेली. वायरमनच्या कार्यशाळेत नवे निदेशक होते, त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि परत आले. तुमच्याशी बोलायचं राहून गेलं, म्हणून सगळ्यांसमोरच लिहिते.

आमच्या सुरगाण्यात पाऊस उदंड, पण पाणी उतारानं गुजरातकडे निघून जातं. भात-नागली घरात आली की पाड्यांवरची माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला निघतात. आयटीआयत नाव घातलं होतं तरी त्या वर्षी दिवाळीनंतर मीही आईबाबांबरोबर गेले. रिकाम्या पाड्यावर एकटी कशी राहणार होते? आठव्या दिवशी तुम्ही बागेच्या बांधावर उभे! बाबांना वाटलं, काहीतरी दंड भरायला लागणार. तुम्ही चहा घेतलात आणि एवढंच म्हणालात, "परीक्षेला बसायचं तर ८० टक्के हजेरी लागते. पोरगी हाताची चांगली आहे, तिचं वर्ष घालवू नका."

आदिवासी विकास विभागाचं मुलींचं वसतिगृह असतं, तिथं राहणं-जेवण फुकट असतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. अर्ज तुम्ही आणलात, दाखल्यांसाठी बाबांबरोबर तहसीलला तुम्ही आलात, गृहपाल मॅडमना भेटलातही तुम्हीच. सोय सरकारनं केली होती, सर. आमच्यापर्यंत ती तुमच्या मोटरसायकलवरून आली.

तीही येऊ शकली, कारण तोवर पाड्याला रस्ता झाला होता. ग्रामसडक योजनेत आदिवासी भागातल्या २५० लोकवस्तीलाही रस्ता देता येतो. तो नियम नसता तर आमच्या एवढ्याशा पाड्याला कुणी विचारलं असतं? त्याआधी आजारी माणूस झोळीतून खाली न्यावा लागे.

कार्यशाळेचं तर किती सांगू! नवं सामान आलं की तुम्ही त्याच दिवशी खोकी फोडायला लावायचात. तारेचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, मेगर, आम्ही बिघडवू म्हणून कुणी काळजी केली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "वस्तू पोरांच्या हातानं जुनी झाली पाहिजे, कपाटात नाही." तारेची मात्र कायम टंचाई. एकाच तारेवर आधी वेस्टर्न युनियन जॉइंट, तो कापून ब्रिटानिया, मग टी-जॉइंट, तार वीतभर उरेपर्यंत. जिना वायरिंगचा दिवा वरच्या बटणानं लागला आणि खालच्या बटणानं विझला, तेव्हा मी तो दहा-बारा वेळा लावून पाहिला होता. तुम्ही थांबवलं नाहीत.

आता मी सौर पंप बसवणाऱ्या टोळीत आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत आदिवासी शेतकऱ्याला किमतीच्या ५ टक्के भरावे लागतात, बाकीचं अनुदान. त्यामुळे आमच्या भागात काम पुष्कळ आहे. पॅनेलचे सांगाडे उभे करायला गडी मिळतात, पण जोडणी तपासायला आणि अर्थिंग करायला शिकलेला हात लागतो. खाली कातळ, खड्डा खणताना जीव जातो. कोळसा-मिठाचे थर भरताना तुमचा आवाज कानात असतो: "उन्हाळ्यात अर्थिंगला पाणी पाजायला सांगा, नाहीतर केलेलं फुकट." प्रत्येक शेतकऱ्याला हे सांगितल्याशिवाय मी शेतातून निघत नाही.

गेल्या महिन्यात पहिल्यांदा अख्खी जोडणी एकटीनं केली. आमच्याच पाड्यावर, एका म्हाताऱ्या आजीच्या शेतात. पाणी आलं तशी आजी ओंजळ धरून बसूनच राहिली. तिचा मुलगा म्हणतो, या वर्षी थोडी स्ट्रॉबेरी लावून बघतो, बागेवर जायचं नंतर ठरवू. आमचे बाबा अजून जातात. अर्ज भरलाय, नंबर लागायचा आहे.

राज्यात ४०० हून जास्त सरकारी आयटीआय आहेत. त्यांच्यासाठी, रस्त्यासाठी, वसतिगृहासाठी जो पैसा लागतो तो कर भरणाऱ्या सगळ्यांचा. त्यांचेही आभार मानते, पण त्यांचे चेहरे मला माहीत नाहीत. तुमचा माहीत आहे.

सर, बदलीचं गाव कळवा. पेढे घेऊन येते, आणि बाबाही येणार म्हणतात.

तुमची विद्यार्थिनी,
वायरमन ट्रेड