पाटाखालचं नाव

वेंगुर्ला, आषाढ

चि. मयुरीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रडवेली झालीस आणि नेमकी रेंज गेली. मग लागेचना, म्हणून लिहायला बसलो. गणपतीच्या मूर्ती घडवायच्या आपल्या शाळेत गिऱ्हाइकांचे पाट यायला लागलेत, शाडू भिजत घातलाय. हात धुऊन कागद घेतला तरी कडेला डाग पडलाच.

तुझं म्हणणं, समकालीन कला शिकायला इंटर्नशिप धरली आणि दोन आठवडे नुसते कंडिशन रिपोर्ट भरतेय, लेबलं लिहितेय. आधी रिपोर्टाचं बोलू. चित्र आलं की कुठे घडी, कुठे वाळवी लागलेली, कुठला कोपरा फाटका, ते फोटोसकट नोंदवायचं, म्हणजे परत करताना वाद नको. अगं, हे मी जन्मभर करतोय. गिऱ्हाइकाचा पाट आला की खालच्या अंगाला खडूने नाव, वाडी, मूर्तीची उंची. चीर असेल तर त्याच्यासमोरच बोट ठेवून दाखवतो. एका वर्षी नाही दाखवली, तर चतुर्थीच्या आदल्या दिवशी पाट बदलल्याचा आळ आला. (तुझी आई अजून ते उगाळते.) त्या कामाला कारकुनी म्हणू नकोस.

लेबलाचं मात्र मलाही लागलं. गोष्ट गाऊन सांगताना दाखवायची ती पिंगुळीची चित्रकथीची जुनी पानं प्रदर्शनात लागणार आणि चित्रकाराच्या जागी ‘अज्ञात’ लिहायचं, असं तुला सांगितलंय. पानावर सही नसते हे खरं. मीही आजवर एका मूर्तीवर नाव घातलं नाही. पाण्यात जायच्या वस्तूवर कसलं नाव? पण वाडीत कुणालाही विचार, मूर्ती बघून सांगतील कुठल्या शाळेतली ती. पिंगुळीचंही तसंच. ठाकर समाजाच्या घरांनी ही पानं पोथ्या बांधून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, सावंतवाडीच्या राजांचा त्यांना आश्रय होता. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच परंपरेतल्या कामासाठी. माणसाचं नाव सापडत नसेल तर निदान समाजाचं आणि गावाचं लिहूया का, असं क्युरेटरबाईंना विचार. हट्ट नको, नुसतं विचार.

आणि ती पानं काचेमागे एकेक टांगणार म्हणालीस, ते काही मला पटेना. वीणा, टाळ, हुडूक आणि सांगणारा असल्याशिवाय ते पान मुकंच. लहानपणी देवळात पाहिलंय; रावणाचं पान वर आलं की आम्ही पोरं मागे सरकायचो. कागदावर ५० लक्सच्या वर उजेड नको, असं तू सांगितलंस. आमच्या कंदिलाच्या उजेडाला कुणी मोजलं नव्हतं. तिथे निदान आवाज तरी ऐकवा. हवं तर एस.टी. पकडून पिंगुळीला जाऊन येतो, कुणी गाऊन देईल का विचारतो. त्यांना मानधन मात्र द्यायला लावा. तुला नुसता प्रवासखर्च देतात, त्याबद्दल मी समोरासमोरच बोलेन.

तुझ्या आईचा निरोप: ‘भायरचा खाव नको, येळार जेव.’ पार्सलात आमसुलं आणि कुळथाचं पीठ आहे.

लेबल ६० शब्दांत बसलं की फोटो पाठव. आणि चतुर्थीआधीचे चार दिवस सुट्टी मिळते का बघ. यंदा पाट जास्त आहेत, डोळे आखायला तू लागशील.

तुझे बाबा