कुंड्या माझ्याकडे आहेत

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर मी उगाच मोठ्या आवाजात बोलते आणि मग तुम्ही दोघं गप्प होता, म्हणून लिहितेय. बाबा, तुमच्या कांद्यांपासून वाढणाऱ्या फुलझाडांच्या कुंड्या माझ्याकडे आहेत. ८३ पैकी ७४. परवा तुम्ही डोळे तपासायला गेला होतात तेव्हा दादाने आणि मी दोन खेपांत आणल्या. विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण विचारलं असतं तर बाबा, तुम्ही "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणाला असतात. तोवर रात्री गार व्हायला लागल्या असत्या आणि तुम्ही पुन्हा ट्रे उचलून जिन्यावर. मागच्या वेळी मनगटावर निभावलं.

रिकामा स्टँड बघून तुम्ही काहीच बोलला नाहीत, असं आई म्हणाली. ओरडला असतात तर बरं वाटलं असतं.

आधी त्यांची खुशाली सांगते. पूर्वेच्या खिडकीत दोन फळ्या ठोकून घेतल्यात, खोलीचं तापमान रात्रीही दहाच्या खाली जात नाही, थर्मामीटर टांगलाय. तुमच्या वहीत दोन रकाने आहेत ना, थंडीत झोपणारे (पानं गाळून कांद्यात विसावणारे) आणि उन्हाळ्यात झोपणारे, त्याप्रमाणे कुंड्यांना दोन रंगांच्या पट्ट्या चिकटवल्या. हिपिॲस्ट्रम, युक्रोसिया, स्कॅडॉक्सस यांचं पाणी बंद केलंय. लॅचेनालिया आणि नेरीन जाग्या आहेत, त्यांना उजेडाची जागा दिली. लाल हेमँथसची दोन्ही पानं कुंडीच्या काठावर टेकलीत, अगदी तुमच्याकडे टेकायची तशी. बूफोन सर्वांत वरच्या फळीवर आहे. त्याचा चीक पूर्वी बाणांना लावायचे, ही तुमची गोष्ट मुलांना सांगून झाली, त्यामुळे ती त्या फळीकडे बघतसुद्धा नाहीत.

एक अपराध कबूल करते. गाडीत स्कॅडॉक्ससची एक कुंडी कलंडली आणि पिवळं पडत आलेलं पान देठाशी मोडलं. कांदा शाबूत आहे, मुळं शाबूत आहेत. दादा म्हणत होता सांगू नकोस.

आता नेरीनबद्दल. ती नेताना माझा हात सर्वांत जास्त अडला. पण तुम्हीच सांगायचा ना, की नाव 'गर्न्सी लिली', इंग्लिश खाडीतल्या बेटाचं, घर दक्षिण आफ्रिकेतल्या केपच्या डोंगरात, आणि मधली कित्येक वर्षं लोक तिला जपानची समजत होते! इतके पत्ते बदलूनही ती दर शरदात फुलतेच. माझ्या घरी आली म्हणून परदेशी गेली असं समजू नका. कुंडी तीच ठेवलीय, दाटीवाटीची. कांद्याची मान मातीच्या वर. मोठ्या कुंडीत हलवायचा मोह झाला होता, नाही हलवली.

आई, तुझी बादली परत मिळाली का? न्हाणीघरातला कोपरा मी स्वतः घासून काढलाय. आणि स्टँडच्या जागी तुझी वेताची खुर्ची ठेवली ती मुद्दाम. सकाळचं ऊन तिथेच येतं, इतकी वर्षं ते ऊन बाबांच्या कुंड्या खात होत्या. गुडघे शेकत बस. जिन्याला दादा कठडा बसवून देतोय, खालचा दिवा आपोआप लागणारा आहे, बटण शोधायला नको. युक्रोसियाची कुंडी रिकामी समजून तू जे केलं होतंस, ते प्रकरण मी काढत नाही. बाबाही काढणार नाहीत.

हे सगळं जिन्यामुळे, थंडीमुळे, मनगटामुळे. तीन पानं मी हेच लिहू शकते. पण तुम्हाला अर्धवट सांगितलेलं कळतं, म्हणून उरलेलंही सांगते, बाबा.

मागच्या रांगेतल्या कुंड्या उतरवल्या तेव्हा पानांच्या बेचक्यात आणि कांद्याच्या सुक्या सालीखाली पिठ्या ढेकूण सापडला. पांढरा कापूस भरल्यासारखा. कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून दोन संध्याकाळ एकेक बेचकं पुसत बसले, आता स्वच्छ आहे. तो कुणाच्याही झाडांवर येतो, आणि त्या कोपऱ्यात उजेड नसतोच, त्यामुळे त्याचं काही नाही. पण वहीतल्या पाण्याच्या खुणाही पाहिल्या. एकाच तारखेपुढे दोन टिका, एकदा तर तीन. झोपलेल्या रांगेसमोर. त्या रांगेतले तीन कांदे बोटाने दाबल्यावर आत गेले.

तिन्ही मी टाकून दिले. कुठले ते विचारलंत तर सांगेन, नाही विचारलंत तरी चालेल.

आणि हेही ऐका. मी सात वर्षांची असताना तुमचा एक झोपलेला कांदा रोज पाणी घालून कुजवला होता, आठवतंय? तो मेलाय असं वाटून मी त्याला पाजत होते. रोज उकरून बघत होते. तुम्ही ओरडला नाहीत. माझं बोट धरून त्याच्यावर दाबलंत, मऊ लागलं, आंबूस वास आला. मग शेजारचा कडक कांदा दाबायला लावलात आणि म्हणालात, "हा जिवंत. याला काही नको असतं तेव्हा काही द्यायचं नाही." नंतर माझी समजूत काढायला नेरीनच्या बिया तळहातावर ठेवल्यात, मटारासारख्या टपोऱ्या. मी त्या पाकिटात घालून कपाटात लपवल्या आणि विसरले, आणि पाकीट उघडलं तर त्यांना पाण्याशिवाय, मातीशिवायच पांढरी मुळं फुटलेली. मी केवढ्याने किंचाळले होते! शाळेत ते पाकीट नेऊ दिलं नाही म्हणून आईवर रुसले होते.

परवा ७४ कांदे मी तसेच दाबून पाहिले. एकेक, अंगठ्याने. तुमचा अंगठा हवा होता.

आता तुमच्याकडे राहिलेल्या नऊंबद्दल. बघून निवडल्यात, उरल्यासुरल्या नव्हेत. चार क्लिव्हिया, तीन पांढरे हेमँथस, पापिलिओ (हिपिॲस्ट्रममधली न झोपणारी) आणि वोर्सलेया. या सगळ्यांची पानं बारा महिने असतात, त्यामुळे कोण झोपलं आणि कोण जागं हा हिशेबच नको. एकही कुंडी उचलायची नाही, सगळ्या खिडकीत कमरेच्या उंचीवर आहेत. क्लिव्हिया कांद्याच्या नाहीतच खरं तर, हे मला माहीत आहे, दुरुस्त करू नका. त्यांचं पाणी आईने बघायचं. बोट दोन पेरं मातीत घालायचं, कोरडं आलं तरच. बाबांनी सांगितलं तरी आधी बोट.

वोर्सलेया तुमची, फक्त तुमची. मी बारावीत असताना तुम्ही तिचं बी पेरलंत, माझं शिक्षण झालं, लग्न झालं, मुलं झाली, आणि ती अजून नुसती विळ्यासारखी पानं वाकवून उभी आहे. तिला मी हात लावला नाही. मुळं डिवचलेली तिला खपत नाहीत, आणि तुम्हालाही खपलं नसतं. ब्राझीलच्या कड्यांवर धबधब्याच्या तुषारात वाढणारी ती, तुम्ही लावलीतही नुसत्या खडीत. तेव्हा दिवसातून दोनदा पाणी पडलं तरी तिचं काही बिघडत नाही. हवं तेवढं घाला. निळं फूल आलं तर मी रात्री दोनलाही गाडी काढून येईन.

बाकी, चप्पल घातल्याशिवाय न्हाणीघरात जायचं नाही. रक्तदाबाची गोळी डब्यातल्या वाराप्रमाणे, आठवणीने म्हणजे आठवणीवर विसंबून नव्हे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलेला नवा चष्मा घालायचा, खिशात ठेवायचा नाही. खुरपी मी नेली नाही, ती नेहमीच्या खिळ्याला आहे. आणि पुढच्या महिन्यात स्मरणशक्तीच्या तपासणीला जायचं ठरवलंय, वेळ घेतलीय, मी बरोबर असेन. नुसतं बोलायचं असतं तिथे, चित्रं ओळखायची. आई, तूही कर, म्हणजे बाबांना एकटं वाटणार नाही. रागावू नका. रागवायचंच असेल तर माझ्यावर रागवा, दादाने फक्त कुंड्या उचलल्या.

वही मी ठेवून घेतलीय, कारण तुमच्या सांकेतिक खुणा मला निम्म्याच कळतात. रविवारी सकाळी फोन करेन, पाच-सहा खुणा एका वेळी सांगा. हिपिॲस्ट्रमच्या पानांचे आकडे तुम्ही वहीत लिहिलेत, चार-चारचे गट पाडून, ते फुलाच्या दांड्याचं गणित आहे एवढं समजलं. वर्तुळात काढलेला बाण म्हणजे काय?

आणि एक. तुमच्या हस्ताक्षरात नुसतं "?" लिहिलेली एक कुंडी आहे, काळी, काठ तुटलेली. वहीत तिची काहीच नोंद नाही. पाणी दिलं नव्हतं, हातही लावला नव्हता. आज सकाळी मानेतून हिरवं टोक वर आलंय, नखाएवढं, जरा तांबूस, एका बाजूने चपटं. मला पान वाटतंय, मुलीला कळी वाटतेय. फोटो पाठवलाय दादाच्या फोनवर. चष्मा घालून बघा आणि सांगा, पान की दांडा?

तुमची,
धाकटी