पिशवी काढलेल्या बाईला रकाना कुठे आहे?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सप्रेम नमस्कार.

साहेब, मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात आशा म्हणून काम करते. तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका तपासायची प्रश्नावली, भरायचं काम आमच्याकडे असतं. तंबाखू खाता का, कंबर किती, घरात कुणाला साखर आहे का. बायकांसाठी त्यात एक प्रश्न आहे : पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होतो का? मी विचारते, आणि चौतीस वर्षांची बाई म्हणते, "पाळी कवाच गेली की. पिशवीच काढली ना." मी 'नाही'वर खूण करते न् पुढच्या प्रश्नाकडे वळते. त्या खुणेपायीच हे पत्र लिहितेय.

२०१९ साली आमच्या जिल्ह्याचं नाव देशभर झालं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेला आकडा तुमच्या खात्याला पाठ असेल : ऊस तोडणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहात एक. का काढली, ते आम्हाला समितीआधीही ठाऊक होतं. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल म्हणजे आगाऊ पैसे आधीच घेतलेले, एक दिवस खाडा पडला की मुकादम पैसे कापणार. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, ना पाणी ना आडोसा. त्यात अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलं, की कॅन्सरची भीती घातली जाते. पुढे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय पिशवी काढायची नाही असं ठरलं. बरं झालं. पण ज्यांची आधीच काढून झाली, त्यांचं काय?

माझ्या शेजारची, पिशवी काढलेली एक जण डिसेंबरात कारखान्यावरच्या कोपीत रात्री तीनला उठून बाहेर जाऊन बसायची. सगळे गोधडीत गुरफटलेले, आणि हिचा ब्लाऊज घामानं ओला. अंगातून वाफा निघतात म्हणायची. सासू म्हणे बाहेरचं काहीतरी आहे, अंगारा लावा. वय छत्तीस. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना तिचे गुडघे लटलट कापायचे. वर्षभर लघवीला जळजळ. नवरा जवळ आला की दुखतं, हे तर तिनं मला दोन वर्षांनी सांगितलं, तेही भांडी घासता घासता, मान वर न करता.

पाळी जाते ती पिशवीमुळे नाही, अंडाशय थकतात म्हणून. सलग बारा महिने आली नाही की गेली म्हणायचं. आपल्याकडे ते साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास होतं, आणि त्याआधी काही वर्षं इस्ट्रोजेन हे अंडाशयातलं हार्मोन चढत-उतरत कमी होतं, शरीराला सवय करायला वेळ मिळतो. ऑपरेशनात अंडाशयही काढले तर तो वेळच मिळत नाही, आठवड्याभरात वाफा सुरू. हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. अंडाशय ठेवले तरी ते काही वर्षं आधी थकू शकतात. आणि इथंच खरी गोम आहे. जिची पाळी पिशवीबरोबर थांबली, तिला ते कधी थकले हे कळणार कशावरून? जिचे अंडाशय थकले ती आणि जिची नुसती पिशवी गेली ती, दोघींनाही आम्ही एकच म्हणतो, पाळी गेली.

म्हणून मागणी छोटी आहे. फॉर्ममध्ये दोन प्रश्न वाढवा : पिशवी कधी काढली, आणि अंडाशय ठेवले का. दुसऱ्याचं उत्तर बायकांना माहीतच नसतं. डिस्चार्ज कार्ड एकतर हरवलेलं, नाहीतर त्यावर डॉक्टरांचं अक्षर. तेव्हा ऑपरेशन करणाऱ्यानं काय काढलं न् काय ठेवलं हे मराठीत लिहून देणं सक्तीचं करा. पंचेचाळिशीच्या आत जिचे अंडाशय गेले, तिला उपकेंद्रातून थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवायची सोय हवी. हार्मोनच्या गोळ्या कुणाला चालतात, कुणाला नाही, ते डॉक्टर ठरवतील. स्तनाचा कॅन्सर झालेल्या बाईला सहसा देत नाहीत, एवढं मलाही माहीत आहे. पण ठरवायला ती त्यांच्यासमोर पोचायला तर पाहिजे. माझ्याकडे कॅल्शिअमच्या गोळ्या येतात त्या गरोदर आणि बाळंत बायांसाठी. हिला दिल्या तर त्या मी कुठल्या नावावर दाखवू?

दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मग सहा महिने ह्या बाया मला सापडत नाहीत. माझ्या वहीच्या मागच्या पानावर त्यांची नावं मी लिहून ठेवली आहेत. वयाच्या रकान्यात पन्नास कुठंच नाही. तुमच्या माणसाला पाठवा, वही दाखवते.

आपली,
एक आशा सेविका
जि. बीड